दोनदा धरलेलं सुतक

दादा,

परवा तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरकतात न सरकतात तोच तो उतरला, आणि चुलते म्हणाले, "सुटला बिचारा. कायबी मनात ठेवलं न्हाई त्यानं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला असा राग आला म्हणून सांगू. तुझ्या मनात काय आहे हे ज्यांनी जन्मात एकदा विचारलं नाही, त्यांना ते कावळ्याकडून एका क्षणात कळलं होतं. मी इंद्रायणीच्या काठावर बायकांच्यात उभी होते. हे मुद्दाम सांगते, कारण याआधी मी तुझं सुतक धरलं तेव्हा तू जिवंत होतास आणि आपल्या ओसरीवर बसून चिंचोक्यांची ओळ लावत होतास.

तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. म्हणून तुला दादा म्हणायचं, असं मला शिकवलं. पण दादा म्हणजे काय असतं ते मी शेजारच्या घरी बघितलं. तिथला दादा बहिणीला खांद्यावर घेऊन जत्रेला जायचा. आपल्या घरी मी दादाचं धोतर नेसवायची, दादाचं नाक पुसायची, आणि ढोल वाजायला लागले की दादाच्या कानांवर माझे हात ठेवून उभी राहायची. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून आईचं एकच वाक्य माझ्या मागं लागलेलं होतं. "तारे, दादाकडं बघ." सागरगोटे हातात घेतले की ते वाक्य. पोरी ओढ्यावर निघाल्या की ते वाक्य. माझ्याकडं कोण बघणार, हे मी एकदा विचारलं होतं. आई भाकरी थापत राहिली.

तू बोलायचास, पण स्वतःचं वाक्य तुझ्याजवळ कधी नसायचं. ज्याच्या तोंडून जे ऐकलंस, ते त्याच्याच आवाजात, त्याच हेलात परत द्यायचास. भूक लागली की आईच्या आवाजात विचारायचास, "म्हादू, भात खातूस?" झोप आली की आबांच्या आवाजात, "पड आता गपचीप." आणि मी हवी असले की पुन्हा आईचाच आवाज, "तारे, दादाकडं बघ." गाव पोट धरून हसायचं. मला मात्र ती हाक आहे हे बरोबर कळायचं. कळत असूनही मी कितीदा कणगीमागं लपून बसले आणि तू अंगणात तेच तेच म्हणत घिरट्या घालत राहिलास, हे तुला ठाऊक आहे. तू विसरत काही नव्हतास, हीच तर पंचाईत होती.

शाळेचं आठवतं? आबांनी मला शाळेत घातलं ते माझ्यासाठी नाही. तुझा हात धरायला कुणीतरी हवं म्हणून. मास्तर तुला म्हणाले, "गाढवा, खाली बस." तू त्यांच्याकडं न बघता त्यांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणालास, "गाढवा, खाली बस." सगळी पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. दिवाळीच्या आत तुझी शाळा संपली, पण पोरगी हुशार आहे म्हणून मला त्यांनी ठेवून घेतलं. पुढं मी दिवसभर घरात नाही म्हणून तू भिंतीवर डोकं आपटून घ्यायला लागलास, आणि तिसरी पुरी व्हायच्या आत माझीही पाटी फळीवर गेली. तुझ्यामुळं मला अक्षर आलं आणि तुझ्यामुळंच शाळा सुटली. हे जे लिहिते आहे ते त्याच अडीच वर्षांच्या जोरावर, आणि पुढं नवऱ्यानं आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या जोरावर.

तुला काय झालंय हे मात्र सगळ्या मावळाला समजलेलं होतं. कुणी म्हणे ग्रहण पाळलं नाही, कुणी म्हणे पिंपळावरचा मुंजा. एका देवऋष्यानं मिरच्यांची धुरी सांगितली. तेव्हा तुझे दोन्ही हात मी धरले होते, दादा. माझ्या हातात जोर होता आणि तुला माझाच हात चालायचा, दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. त्यानंतर कितीतरी दिवस तू मला अंगाला हात लावू दिला नाहीस. मी त्याची माफी कधी मागितली नाही. मागितली असती तर तू ती माझ्याच आवाजात मला परत दिली असतीस.

आणि तरी एक सांगते, तुझ्याइतकी सुबक लावणी आपल्या खाचरात कुणी केली नाही. चिखलात उभं राहून भाताची रोपं लावायची तर बाकीच्या बायका गाणी म्हणत, हातभर पुढं, वीतभर मागं करत लावायच्या. तू मात्र सुतात लावायचास. एका वर्षी चुलतीची ओळ वाकडी गेली, तर तू बांधापर्यंत मागं जाऊन तिनं लावलेली सगळी रोपं उपटून काढलीस. चुलती चिखलातच बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होती, आबा डोक्याला हात लावून उभे होते, आणि तू तिच्याच आवाजात तिच्या शिव्या तिला परत देत ओळ नीट लावत होतास. त्या दिवशी मी इतकी हसले की माझं इरलं पाठीवरून घसरून पाण्यात पडलं. तसं हसणं मला सासरी कधी आलं नाही.

आबा गेले आणि माझ्या लग्नाचं निघालं. दोन ठिकाणी बोलणी मोडली. कारण कुणी तोंडानं सांगितलं नाही, पण तुला ओसरीवर बघून गेलेली माणसं परत आली नाहीत. एकाच पोटचं, हिची पोरं कशी निपजतील, असं ती म्हणाली असणार. मग तिसरं स्थळ चुलत्यांनी आणलं. माणसं सातारा बाजूची, पोरगा लोणावळ्याला रेल्वेत, आईबहिणीला घेऊन तिथंच राहणारा. मावळात त्यांचं ना कुणी ओळखीचं, ना पाळखीचं. मंडळी बघायला यायच्या आदल्या दिवशी आईनं तुला पवनेकाठी मावशीकडं पोचवलं, आणि आलेल्या बाईंनी विचारलं, "पोरीला भाऊ हाय न्हवं?" तेव्हा आई पदर सावरत म्हणाली, "हाय की. मुंबईला गिरणीत हाय."

ते वाक्य आईनं असं सहज टाकलं की मी चहाचं ताट घेऊन उभी होते, तीही क्षणभर फसले. ते लोक गेल्यावर मी आईशी भांडले. ती एवढंच म्हणाली, "दोन लेकरं हाईत मला. एक तर अडकलंय. दुसरं तरी सुटू दे." मी गप्प बसले. हेच मी आजवर स्वतःला नीट सांगितलेलं नाही. मला सुटायचं होतं. आई खोटं बोलली ते माझ्यासाठी, आणि मी गप्प बसले तेही माझ्यासाठीच. तुझ्यासाठी त्या घरात त्या दिवशी कुणी काही केलं नाही.

लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान भावाचा. तो चुलतभावानं घेतला, फेटाही त्यालाच मिळाला. तुला पुन्हा मावशीकडं धाडलं आणि गिरणीत रजा मिळाली नाही, असं सांगितलं. मांडवात आपलं सगळं गाव जेवत होतं. तुला खुळा म्हादू म्हणून रस्त्यात खडे मारणारं हे गाव, पण त्या दिवशी एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. एवढी एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. मी त्यांचे उपकार मानू की त्यांना शिव्या देऊ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग लोणावळ्यात तुझा दुसरा जन्म झाला. आपली मळवली ते लोणावळा एक स्टेशन. त्या एका स्टेशनात तू गिरणीत साच्यावर कापड विणणारा, खोलीत चौघांबरोबर राहणारा, अबोल पण मायाळू भाऊ झालास. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या विचारायच्या आणि मी सांगायची. आईनं धाडलेला खण मी तू पाठवलास म्हणून दाखवायची. हळूहळू मला तो आवडायला लागला, दादा. मी मनात रचलेल्या पत्रात तो मला "प्रिय ताराबाईस" असं लिहायचा. तो माझ्याकडं बघायचा.

भाऊबीजेला मात्र त्याला रजा नसायची. आत्याबाई फणकारायच्या, "कसला बाई तुझा भाऊ! दिवाळीला बी सोडंनात त्याला?" मग म्हणायच्या, "जा, चंद्राला ओवाळ." भाऊ नसलेल्या आणि भाऊ लांब असलेल्या बायका ओवाळतात तशी मी चाळीच्या अंगणात तबक घेऊन उभी राहायची. बीजेची ती बारीकशी कोर डोंगरावर दिसेपर्यंत वाट बघायची आणि दिसली की घाईघाईनं ओवाळायची, कारण ती लगेच बुडते. पूर्वेला दोन कोसांवर तू भात खात असशील, वरण भाताला टेकलं म्हणून ताट ढकलत असशील. आणि मी पाठमोरी उभी राहून आकाशाला कुंकू दाखवत होते.

पाचेक वर्षांनी त्या खोट्या भावानं मला गोत्यात आणलं. नणंद लग्नाची झाली, आणि आत्याबाई एके दिवशी तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या, "परक्यात कशाला द्यायची पोरगी? तुझा भाऊ हाय की. मानूस शांत, निर्व्यसनी. पुढच्या म्हयन्यात दामूला धाडते मुंबईला, बोलनी करायला." दामू म्हणजे माझा नवरा. मी हो हो म्हणाले, कारण दुसरं काय म्हणणार? त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आईला बरं नाही असं सांगून घरी आले.

अंगणात आई आणि मी उभ्या होतो. तू ओसरीवर पाठ करून चिंचोके लावत होतास. मी रडत होते. मी म्हटलं, खरं सांगून टाकते. आई म्हणाली, "आनि त्यांनी परत धाडल्यावर? हितं दोघांकडं बघायला मी जन्माला पुरनार हाय व्हय?" मग भाजीला मीठ सांगावं तशा आवाजात म्हणाली, "म्हादू मेला म्हनून सांग. तापानं. तीन दीस सुतक धर. रडायला इसरू नगं."

मी परत गेले आणि तुला मारलं. मुंबईहून माणूस आला होता, सगळं उरकूनच आला, असं सांगितलं. नवऱ्यानं मला जवळ बसवून पाणी पाजलं. नणंदेनं तीन दिवस मला चुलीला हात लावू दिला नाही. रडायला मी विसरले नाही, दादा. फार चांगली रडले. त्यातलं थोडं खरं होतं, पण ते तुझ्यासाठी होतं की साच्यावरच्या त्या दुसऱ्यासाठी, देव जाणे.

पुढच्या खेपेला मी घरी आले तेव्हा तू माझ्याकडं न बघता, आईच्या आवाजात, एकेक शब्द स्वच्छ म्हणालास, "म्हादू मेला म्हनून सांग. तीन दीस सुतक धर. रडायला इसरू नगं." आई आत निघून गेली. त्यानंतर मी आले की तुझं मला हेच बोलणं. आमची तारी आली, हे तुझ्यापाशी त्याच शब्दांत उरलं होतं. मी एकदा तुझ्या तोंडावर हात ठेवला आणि ओरडले, "गप बस की रे मुडद्या!" तू माझा हात काढलास आणि माझ्याच आवाजात मला मुडद्या म्हणालास. ते खरं होतं, असं आता वाटतं.

तुझ्याजवळ मागण्यासारखं काही नव्हतं, तरी एकदा तू मला दिलंस. माझं पोर पोटातच गेलं तेव्हा मी महिनाभर आपल्या घरी होते. येणारी जाणारी बाई माझ्याकडं आणि मग तुझ्याकडं बघायची, आणि तिच्या मनात काय आलं ते मला दिसायचं. तू दिवसभर माझ्या अंथरुणाशेजारी ओळ लावत बसायचास. त्या ओळीतला एक चिंचोका कुणी हलवला तरी तू घर डोक्यावर घ्यायचास, आणि एका दुपारी तूच मधला एक उचललास आणि माझ्या पदरात टाकलास. मोकळी जागा भरली नाहीस, तशीच ठेवलीस. तेवढं शहाणपण त्या महिन्यात दुसऱ्या कुणाला सुचलं नाही.

जर्मनची लढाई सुरू होऊन दोनतीन वर्षं झाली. गेल्या पंधरवड्यात एक दिवस सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते आणि चुलतभाऊ शिवा दारात आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत्याबाई समोर बसलेल्या, म्हणून तो नुसता माझ्याकडं बघत राहिला, आणि मला समजलं; आई गेली असती तर तो बोलला असता. मी सूप खाली ठेवलं.

आत्याबाईंनी विचारलं, "कोन गेलं गं?"

"माझा भाऊ."

हे बोलून मी वाट बघत राहिले. आता त्या म्हणतील, तो तर केव्हाच गेला. मग मी सगळं सांगेन, आणि मग जे व्हायचं ते होईल. सात वर्षं ज्याला भीत होते ते आता एकदाचं घडेल. पण आत्याबाई हळूच म्हणाल्या, "कवा?"

मी मान वर केली. त्या सुपातले तांदूळ चाळवत म्हणाल्या, "ठावं हाय मला. तू सुतक धरलंस त्याच्या फुडच्या साली दामू मळवलीला लायनीवर कामाला गेलता. पानी प्यायला तुमच्या घरी गेला. घरात कुनी न्हाई, वसरीवर ह्यो बसलेला. दामू म्हनला, पानी मिळंल का? तर ह्यो बी म्हनला, पानी मिळंल का? दामूला वाटलं, चेष्टा करतुया. मग तोंड बघितलं तर नाक तुझंच. इचारलं, तुमी म्हादू व्हय? तर त्यो म्हनला..."

"म्हादू मेला म्हनून सांग," मी म्हटलं.

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "तीन दीस सुतक धर. दामू तसाच आला, पानी बी न पिता."

म्हणजे तूच सांगितलंस. आई खोटं बोलली, मी खोटं बोलले, सगळं गाव गप्प राहिलं, आणि ज्याला आम्ही लपवत होतो त्यानं पहिल्याच फटक्यात माझ्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. आणि यांनी सहा वर्षं मला त्यातलं एका शब्दानं कळू दिलं नाही. दर भाऊबीजेला आत्याबाई मला चंद्राला ओवाळायला लावत होत्या, सगळं ठाऊक असून. मी त्यांना विचारलं, का? त्या म्हणाल्या, "वाटायचं, औंदा तरी म्हनशील, आत्याबाई, माझा भाऊ हाय. पर म्हनाली न्हाईस." ही माया होती की शिक्षा, ते मला कळत नाही. यांना मी अजून विचारलेलं नाही. तुला आणता आलं असतं, दादा. सहा भाऊबीजा तुला पाटावर बसवता आलं असतं. मी ओवाळताना तू ताट ढकललं असतंस, पण बसला असतास.

त्या माझ्याबरोबर मळवलीला आल्या. आपल्या घराचा उंबरा त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ओलांडला. आईनं त्यांना बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. मला वाटलं होतं, मी आईला खूप बोलेन. शब्द मी वाटेत जुळवत आले होते. पण ती खांबाला टेकून खाली बसली आणि कुणी न विचारताच सांगायला लागली.

"तीन दीस ताप व्हता. येकच चाललं व्हतं त्याचं. तारे, दादाकडं बघ. तारे, दादाकडं बघ. माझ्याच आवाजात गं. मी म्हनायची, येती हां तारी, येती. पर कुनाला धाडू सांगावा? काय सांगाया सांगू तुझ्या सासरी? मेलेलं मानूस आजारी हाय म्हनून?"

मी तिच्या बाजूनं आत गेले. तू भिंतीकडं तोंड करून निजलेला होतास, तसंच ठेवलं होतं तुला. आत्याबाई बाजूला झाल्या. मी तोंडावरचं धोतर काढलं आणि तुझ्याकडं बघितलं. आईनं सांगितलं नव्हतं. तूही म्हणाला नव्हतास. पहिल्यांदाच मी आपणहून दादाकडं बघत होते.